घराची शाळा करू नका

उन्हाळ्याची सुट्टी लागली की पालकांच्या मोबाईलवर उपक्रमांच्या याद्या येऊ लागतात. सकाळी शुद्धलेखनाच्या दहा ओळी, मग दोन ते दहा पाढे, एक चित्र रंगवणं, टाकाऊ वस्तूंपासून काहीतरी टिकाऊ बनवणं, आणि झालं की फोटो काढून शाळेच्या गटावर टाकणं. यादी करणाऱ्या शिक्षकाच्या मनातली काळजी खरी असते. विदर्भात ऊन असं असतं की शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून संपत आला की उघडतात. तोवर पहिली-दुसरीचं मूल नुकतीच हाती आलेली अक्षरं विसरेल, ही धास्ती प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या कुणालाही वाटतेच. पण हीच यादी यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबनमध्ये एखाद्या मजुराच्या घरात पोहोचते तेव्हा काय होतं ते पाहायला हवं. आई कामावर गेलेली असते. फोन वडिलांच्या खिशात असतो आणि वडील ट्रकवर, नाहीतर कुणाच्या वावरात. घरात असतात आजी, एक धाकटं भावंड आणि ते मूल. यादीतल्या एकाही कामात आजीला जागा नसते, कारण यादी करताना आजी कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हतीच. डोळ्यांसमोर होता एक रिकामा वेळ असलेला, शिकलेला, घरी बसलेला पालक. असा पालक मुकुटबनमध्ये नाहीच असं नाही. पण ज्या मुलांसाठी आपण सर्वांत जास्त धडपडायला हवं, त्यांच्या घरी तो सहसा नसतो.

माझं म्हणणं असं आहे. घरी शिकणं म्हणजे शाळेचा तास घरी भरवणं नव्हे. घरात एरवीही जो दिवस जगला जातो त्यातलं बोलणं, मोजणं, वाचणं आणि लिहून ठेवणं वाढवायचं, एवढंच घराकडून मागावं. आणि मुलाने घरून जे आणलं त्याला शाळेने वर्गात जागा द्यावी. या दोन गोष्टींपैकी दुसरी सुटली तर पहिलीला अर्थ उरत नाही, आणि आपल्याकडे नेमकी दुसरीच सुटते.

आधी वेळेचा साधा हिशेब करू. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं बंधनकारक केलं आहे. सात-आठ वर्षांचं मूल रात्री दहा तास झोपतं असं धरलं तर ते वर्षात पाच हजारांहून जास्त तास जागं असतं. म्हणजे शाळेच्या वाट्याला मुलाच्या जागेपणाचा सहावा हिस्साही येत नाही, तोही सगळे दिवस, सगळे तास खरोखर भरले तर. उरलेले पाच हिस्से घर, अंगण, गल्ली, बाजार, वावर यांच्याकडे आहेत. इतका मोठा वाटा ज्याच्याकडे आहे त्याला आपण काय सांगतो? शाळेची नक्कल कर. दहा ओळी लिहून घे. घराकडे स्वतःचं शिकवण्यासारखं काहीच नाही असं त्या यादीत न बोलता म्हटलेलं असतं, आणि घरातली माणसंही हळूहळू तसंच मानू लागतात. शाळा न शिकलेली आई शिक्षकासमोर मान खाली घालून उभी राहते ती यामुळेच.

आता मुकुटबनकडे पाहू. झरी जामणी तालुक्यातलं हे मोठं गाव. वणीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर त्याचं स्टेशन आहे, तेलंगणाची हद्द जवळ आहे. भोवती कापूस, सोयाबीन, तूर. जमिनीखाली कोळसा आणि चुनखडी. २०२२ मध्ये इथे सिमेंटचा मोठा कारखाना सुरू झाला आणि रस्त्यावरची वर्दळ बदलली. शेतकरी, शेतमजूर, ट्रकचालक, कारखान्यातले कामगार, मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी बोलणारी माणसं, आसपासच्या रानात कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या. प्राथमिक शाळेतल्या मुलासाठी हा परिसर म्हणजे दरिद्री, वाचनसाहित्य नसलेला परिसर, असं आपल्या अहवालांत लिहिलं जातं. मला ते पटत नाही. इथे पुस्तकं कमी आहेत हे खरं आणि त्याची लाज आपल्याला वाटायला हवी. पण वाचायला आणि मोजायला काही नाही हे खोटं आहे.

दिवाळीच्या सुट्टीतला एक दिवस घ्या. विदर्भात दिवाळीची सुट्टी आणि कापसाचा वेचा बहुधा हातात हात घालून येतात, त्यामुळे मोठी माणसं सकाळीच वावरात जातात. त्याआधीचा तासभर घर जागं असतं. पाणी भरलं जातं. किती गुंड, म्हणजे हंडे, त्यातले पिण्याचे किती, वापरायचे किती, कालच्यापेक्षा आज एक जास्त का लागला? भाकरी थापताना पिठाचं माप, चहाला पाणी किती कप आणि माणसं किती. यातला कुठलाच प्रश्न विचारायला आईला वेगळा वेळ काढावा लागत नाही, हात चालूच राहतात. फक्त एक सवय लावावी लागते: सांगण्याऐवजी विचारण्याची. ‘तो डबा आण’ याऐवजी ‘पाच जणांना पुरेल एवढं पीठ कोणत्या डब्यात असेल?’ असं विचारलं की मुलाला अंदाज करावा लागतो, मग ते उघडून पाहतं आणि स्वतःच स्वतःला तपासतं. अंदाज करणं आणि तो पडताळणं हा गणिताचा आणि विज्ञानाचा पाया आहे. दहा ओळींच्या शुद्धलेखनात तो कुठेही येत नाही.

मग घरात पडलेली गोणी. खताच्या रिकाम्या गोण्या कोणत्या शेतकऱ्याच्या घरात नसतात? त्या धुऊन अंथरतात, शिवून पडदे करतात. त्या गोणीवर मोठ्या अक्षरांत नाव छापलेलं असतं, वजन छापलेलं असतं. युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५० किलोची. डीएपीवर १८ आणि ४६ हे आकडे असतात. पहिलीतलं मूल त्यावर अक्षरं आणि अंक शोधेल, तिसरीतलं दोन गोण्यांमधला फरक काढेल, चौथीतलं विचारेल की हे १८ आणि ४६ कशाचे. उत्तर वडिलांना माहीत असेल किंवा नसेल. नसेल तर मूल तोच प्रश्न घेऊन कृषी केंद्राच्या दुकानदाराकडे जाईल, आणि प्रश्न घेऊन माणसाकडे जाणं हेही शिक्षणच आहे.

घराच्या ओट्यावरून रस्ता दिसत असेल तर ट्रकच्या पाट्या आहेतच. यवतमाळची गाडी एमएच २९, चंद्रपूरची एमएच ३४. तेलंगणाच्या जुन्या गाड्यांवर टीएस आणि २०२४ पासूनच्या नव्यांवर टीजी. ओट्यावर बसून तासाभरात कोणत्या जिल्ह्याच्या किती गाड्या गेल्या याच्या रेघा ओढल्या, पाच-पाचचे गट केले, तर चौथीच्या पुस्तकातलं माहितीचं वर्गीकरण अंगणातच होतं. त्यावरून एखाद्या मुलीला प्रश्न पडतो की सिमेंट भरलेल्या गाड्या एका दिशेने जास्त का जातात. तो प्रश्न भूगोलाचा आहे, अर्थशास्त्राचा आहे, आणि तिच्या गावाच्या भवितव्याचाही आहे. रस्त्याच्या कडेला मात्र मुलांना उभं करू नये. अवजड वाहनांच्या गावात ही सूचना आधी द्यायला हवी.

दुपारी, उन्हं चढल्यावर, अंगणात एक काठी रोवावी आणि तिच्या सावलीच्या टोकाशी दर तासाला खडा ठेवावा. यासाठी उन्हाळ्याची सुट्टी अधिक चांगली, कारण मुकुटबनच्या अक्षांशावर मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास एक दिवस असा येतो की भर मध्यान्ही काठीची सावली तिच्या पायथ्याशी नाहीशी होते. दिल्लीतल्या मुलाला हे कधीच दिसणार नाही, कारण सूर्य त्याच्या बरोबर डोक्यावर कधी येतच नाही. मुकुटबनच्या मुलाला ते फुकट दिसतं. कर्कवृत्त म्हणजे काय हे सांगायला यापेक्षा चांगला धडा मला तरी माहीत नाही. आणि त्यासाठी मोबाईल, टॅब, इंटरनेट काहीही लागत नाही. काठी, खडे आणि तो दिवस चुकू नये म्हणून आधी सांगणारा शिक्षक, एवढंच लागतं.

संध्याकाळ ही मला सगळ्यांत मोलाची वाटते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. दिवस मावळताना कापूस तोलला जातो आणि मालकाच्या वहीत आकडा लिहिला जातो. ती वही मजुरीला गेलेल्या बाईच्या घरी नसते. तिसरी-चौथीतल्या मुलाने घरी आपली वही ठेवावी: आज आईने किती किलो वेचला, काल किती, या आठवड्याचा भाव काय, हातात किती पैसे यायला हवेत. आठवड्याच्या हिशेबाच्या दिवशी ती वही आईजवळ असावी. बेरीज-गुणाकार शिकण्याचं याहून सबळ कारण मूल कुठून आणणार? इथे गणित चुकलं तर लाल शेरा मिळत नाही, आईचे पैसे जातात. हा विचार काहींना कठोर वाटेल. मला वाटतं की शिकलेल्या आकड्यांचा घराला उपयोग झालेला मुलाने एकदा पाहिला, तर शाळेबद्दलची त्याची आणि त्याच्या आईची नजर कायमची बदलते.

रात्री दिवे लागल्यावर गोष्टी, आणि सणावारांच्या दिवसांत गाणी. विदर्भात मुलींचा भुलाबाईचा उत्सव असतो. गाणी झाली की खिरापत ओळखायची: गोड की तिखट, कोरडी की ओली, तळलेली की भाजलेली. एकेका प्रश्नाने शक्यता कमी करत नेमक्या उत्तराशी पोहोचण्याची ही रीत किती शिक्षकांनी वर्गात वापरली असेल? पोळ्याला गडीमाणसं झडत्या म्हणतात, त्या ऐकून लिहून काढणं हा भाषेचा उत्तम स्वाध्याय आहे. शिक्षणशास्त्राची पुस्तकं ज्याला कृतियुक्त शिक्षण म्हणतात ते आपल्या सणावारांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे.

इतकं सगळं घरात आहे, तर मग शाळेची गरजच काय, असं कुणी म्हणेल. म्हणू नये. कारण घरातलं शहाणपण आपोआप पुस्तकात उतरत नाही, हे आता चांगलं सिद्ध झालेलं आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या मुलांचा अभ्यास तेरेझिन्या नुनेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. विक्री करताना केलेले हिशेब या मुलांनी १०० पैकी ९८ वेळा बरोबर केले. तेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत मांडले तेव्हा बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवर आली. आपल्याकडे दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं संशोधन २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. त्यातही हेच दिसलं, आणि आणखी एक गोष्ट दिसली: शाळेत जाणारी, पुस्तकातली गणितं सोडवणारी मुलं बाजारातल्या साध्या व्यवहारात अडखळली. म्हणजे हानी दोन्हीकडे आहे. बाजारातल्या मुलाला कागद परका आणि कागदावरच्या मुलाला बाजार परका. या दोहोंमध्ये जाणीवपूर्वक पूल बांधावा लागतो. तो पूल म्हणजे बोललेलं लिहिणं, केलेलं मांडणं, आणि मग ते वर्गात सर्वांसमोर सांगणं. हे काम शिक्षकाचं आहे. आईने ते करावं अशी अपेक्षा मी ठेवणार नाही.

वाचायला शिकवण्याच्या बाबतीत तर शाळेला पर्यायच नाही. २०२० च्या मार्चमध्ये बंद झालेले ग्रामीण महाराष्ट्रातले पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला उघडले. वीस महिन्यांहून जास्त काळ ही मुलं घरी होती. ग्रामीण भारतात तिसरीतल्या १०० मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये २७ होती, २०२२ च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत ती २०-२१ वर आली, आणि शाळा नियमित चालू झाल्यावर २०२४ मध्ये पुन्हा २७ झाली. शाळा बंद असली की अक्षर मागे पडतं आणि शाळा भरली की परत येतं, इतकं हे स्पष्ट आहे. अर्थात १०० पैकी २७ हा आकडाच मुळात भूषणावह नाही.

त्या काळात राज्याने हातपाय हलवले नाहीत असं नाही. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला रोज व्हॉट्सॲपवरून पाठवली. ज्यांच्या घरी स्मार्टफोन होता, त्यात पैसे भरलेले होते आणि तो मुलाच्या हाती लागत होता, त्यांच्यापर्यंत ती गेली. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर आलेला ‘टिलीमिली’ हा कार्यक्रम. पहिली ते आठवीच्या बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतल्या संकल्पना घरातल्या वस्तूंतून, घरच्या माणसांबरोबर करायच्या कृतींतून तो मांडत होता. शिक्षक फळ्यासमोर उभा राहून बोलतोय आणि त्याचंच चित्रण होतंय, असं त्यात नव्हतं. घर हे शिकण्याचं ठिकाण आहे हे त्या कार्यक्रमाने गांभीर्याने घेतलं. शाळा उघडल्या आणि आपण ते सारं गुंडाळून ठेवलं, जणू ती केवळ आपत्तीतली सोय होती. मला हे फार खटकतं. संकट गेलं म्हणून त्यातून सापडलेली चांगली वाट सोडून देण्याचं काय कारण?

पूर्ण सोडली नाही, हेही सांगितलं पाहिजे. २०२२ पासून पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान राज्यात सुरू झालं. शाळेत मेळावा भरतो, गावातल्या आयांचे गट होतात, त्यांना घरी करायच्या कृतींची कार्डं मिळतात. कल्पना उत्तम आहे. पण तिथेही माता गटच. मुलाचं शिक्षण म्हणजे आईची जबाबदारी हे आपण इतकं गृहीत धरलं आहे की बापाला कुणी बोलावतही नाही. मुकुटबनसारख्या ठिकाणी कारखान्यात, खाणीत, ट्रकवर, बाजारात वावरणाऱ्या बापांकडे वजनं, अंतरं, वेळा, वेगवेगळ्या गावांची नावं आणि भाषा यांचा साठा आहे. रोज दहा मिनिटं त्याने मुलाला ‘आज मी कुठे गेलो, किती लांब, वाटेत काय दिसलं’ एवढं सांगितलं तरी पुष्कळ. आईवर आणखी एक काम लादणारा कोणताही उपक्रम मला मान्य नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. घरच्या कामातून शिक्षण म्हणता म्हणता मुलं वावरात जुंपली जातील. ही भीती पोकळ नाही. वेच्याच्या दिवसांत मोठ्या मुलींची हजेरी घसरते हे कापूसपट्ट्यातल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा. आणि हा वाद आपल्या शेजारीच, वर्ध्यात, फार पूर्वी झालेला आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद भरवली आणि झाकिर हुसेन समितीने नई तालीमचा आराखडा केला. हस्तोद्योगातून शिक्षण ही त्यातली कल्पना आजही तेजस्वी आहे. पण मुलांनी तयार केलेल्या मालातून शाळेचा खर्च निघावा हा आग्रह त्याला जोडला गेला. अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी त्यावर आक्षेप घेतला होता, आणि माझ्या मते तो योग्य होता. काम ज्या क्षणी मिळकतीसाठी होऊ लागतं त्या क्षणी मुलाचे प्रश्न थांबतात, कारण प्रश्न विचारल्याने हात थांबतो आणि हात थांबला की माल कमी होतो.

म्हणून रेषा स्पष्ट आखली पाहिजे. मुलाने आईच्या कापसाचा हिशेब ठेवावा, कापूस वेचायला जाऊ नये. भाकरीचं पीठ मोजावं, धाकट्याला सांभाळण्यासाठी शाळा बुडवू नये. ज्या कामात मूल चुकू शकतं, रेंगाळू शकतं, अर्ध्यात सोडून ‘हे असंच का?’ म्हणून विचारू शकतं, ते काम शिक्षणाचं. जिथे ही मोकळीक नाही ते श्रम आहेत, मग त्याला कोणतंही गोंडस नाव द्या.

काही गोष्टींपासून तर मुलाला लांबच ठेवायचं, पण त्या वाचायला मात्र शिकवायच्या. २०१७ च्या पावसाळ्यात याच यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यांत दाखल झाले. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. डबा मुलाच्या हातात कधीही येता कामा नये. पण शाळेच्या भिंतीवर हे चार रंग रंगवलेले असावेत आणि चौथीतल्या प्रत्येक मुलाने घरी जाऊन बापाला विचारावं, ‘बाबा, तुमच्या डब्यावर कोणता रंग आहे?’ या जिल्ह्यात साक्षरतेचा अर्थ काय असायला हवा, याचं याहून ठोस उदाहरण मला सुचत नाही.

आता भाषेबद्दल. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गटात धरलं आहे त्यांत कातकरी आणि माडिया गोंडांबरोबर कोलाम आहेत, आणि त्यांची वस्ती मुख्यतः याच भागात आहे. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. पोडावरचं मूल पहिलीत येतं ते घरची एक पूर्ण भाषा घेऊन. शाळेत बहुतेक शिक्षकांना ती येत नाही आणि मूल गप्प बसतं. या गप्प बसण्याला आपण मंदपणा समजतो. अशा मुलाला घरी मराठीचं शुद्धलेखन देणं म्हणजे त्याच्या आजीला पुन्हा एकदा बाहेर काढणं आहे. त्याऐवजी आजीकडून कोलामीत एक गोष्ट ऐकून ये आणि वर्गात जमेल तशी मराठीत सांग, असं म्हणावं. टोपली विणताना आजोबा बांबूच्या किती कामट्या उभ्या धरतात आणि आडवी कामटी कितींच्या वरून, कितींच्या खालून नेतात ते पाहून ये. त्या विणीत आकृतिबंध आहे, गुणाकार आहे, सममिती आहे. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवताना सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी मुलांच्याच तोंडचे, त्यांना जिव्हाळ्याचे शब्द कार्डांवर लिहून दिले आणि वाचनाची सुरुवात त्यांपासून केली. पोडावरच्या शाळेत हे करायला कोणत्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

महाराष्ट्राला हे नवं नाही. तारा मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांबरोबर ते वाढवलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळा अंगणात नेली. वारली मुलं गुरं चारायला जातात म्हणून कुरणशाळा भरवली, गुरांमागे जाणाऱ्या मुलांमागे शिक्षिका गेल्या. मूल जिथे आहे तिथे काय आहे हे आधी पाहायचं, मग शिकवायचं, असा तो क्रम होता. आज आपण क्रम उलटा केला आहे. यादी आधी ठरते आणि ती पाठवली की काम झालं.

शासनाला यातून एक पळवाट सापडू नये, हेही इथेच बजावून ठेवतो. घर शिकवतं म्हणून लहान शाळा बंद करा, वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची समूहशाळा करा, असा अर्थ कुणी काढला तर तो मी इथे लिहिलेल्या प्रत्येक ओळीच्या विरुद्ध आहे. घर आणि शाळा यांच्यात पूल बांधायचा तर शाळा घराजवळच लागते. पोडावरची शाळा दहा किलोमीटर दूर नेली तर आजीची गोष्ट वर्गात कोण आणणार?

शिक्षकांकडून मी फार मागत नाही, कारण त्यांच्यावर आधीच माहिती भरण्याचा, फोटो पाठवण्याचा असह्य बोजा आहे. सुट्टीआधी प्रत्येक मुलाला एक कोरी वही द्यावी आणि शाळेच्या कपाटातली गोष्टींची दोन पुस्तकं. कपाटाला कुलूप लावून पुस्तकं वाचवण्यापेक्षा ती घरी जाऊन फाटलेली बरी. वहीत रोज एकच नोंद: आज काय पाहिलं, मोजलं किंवा विचारलं. लिहिता येत नसेल तर चित्र चालेल, रेघा चालतील. फोटो मागवू नयेत. आणि जूनच्या अखेरीस शाळा उघडेल तेव्हा पहिला आठवडाभर नवं पुस्तक उघडू नये. रोज सकाळी मुलांनी वह्यांतलं वाचून दाखवावं, शिक्षकाने त्यातली वाक्यं फळ्यावर लिहावीत आणि तोच त्या दिवसाचा पाठ असावा. एक दिवस आयांना, बापांना, आजी-आजोबांनाही बोलवावं आणि त्यांच्याकडून शिकलेलं मुलांनी त्यांच्यासमोरच सांगावं.

मुकुटबनच्या आणि झरी जामणी तालुक्यातल्या गुरुजींना, बाईंना माझी एवढीच विनंती आहे: या वर्षी सुट्टीची यादी करण्याआधी आपल्या वर्गातल्या पाच मुलांच्या घरी एकदा जाऊन या, आणि त्या घरांत जे दिसेल त्यावरून यादी करा.